पोटखराब्यातील ठेवा

सातबाऱ्याचा उतारा ज्यांनी कधी हातात धरला आहे, त्यांना ‘पोटखराबा’ हा शब्द नवा नाही. जमिनीच्या एकूण क्षेत्रापैकी जो भाग लागवडीस अयोग्य ठरतो, तो ह्या सदरात जातो. आमच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात, विशेषतः मालवण, देवगड आणि वेंगुर्ला ह्या किनारी तालुक्यांत, ह्या सदराखाली पुष्कळदा लिहिला गेला आहे तो सडा. खाडीकाठच्या माडापोफळींच्या बागांमधून घाटी चढून वर आलो की जांभ्या दगडाचे जे सपाट, उघडे पठार लागते, त्याला आमच्याकडे सडा म्हणतात. वैशाखात तो इतका तापतो की अनवाणी पाऊल टाकवत नाही. कुठे एखादे करवंदीचे जाळे, कुठे वाळलेले गवत, बाकी सारा काळा-तांबडा कातळ. शेतसाऱ्याचा हिशेब करणाऱ्याने अशा जमिनीस खराबा म्हटले, ह्यात त्याचा दोष नाही. त्याला पीक मोजायचे होते. परंतु हिशेबाच्या सोयीसाठी योजलेला एक शब्द पुढे आपल्या मनातही रुजला, आणि जे सरकारदप्तरी खराब ते खरोखरच निरुपयोगी, असे आपण समजू लागलो, ही मात्र विचार करण्याजोगी गोष्ट आहे.

गेल्या काही दशकांत ह्या निरुपयोगी मानलेल्या जमिनीला मागणी फार वाढली. ३० एप्रिल १९९७ रोजी सिंधुदुर्ग हा देशातील पहिला पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला. पुढच्या वर्षी कोकण रेल्वेची सलग वाहतूक सुरू झाली, आणि २०२१ साली चिपीच्या सड्यावर विमान उतरले. रस्ते, हॉटेले, बंगले ह्यांना दगड हवा आणि जागाही हवी. दोन्ही गोष्टी सड्यावर मिळतात. हापूसच्या कलमांसाठी कातळात सुरुंग लावून खड्डे केले जातात आणि बाहेरून माती आणून ते भरले जातात. चिरेखाणींत पूर्वी माणसे हाताने चिरा काढीत. आता कापणारे यंत्र कातळावरून फिरते आणि एका हंगामात एवढा सडा कापून होतो, की त्याला पूर्वी एक पिढी लागली असती. ह्यातील कोणतीही गोष्ट चोरी नव्हे. मात्र हे सारे एकत्र पाहिले म्हणजे लक्षात येते, की सड्याला आजवर सर्वांनी ‘तुझ्यातून काय काढता येईल’ एवढेच विचारले आहे.

दोनेक वर्षांपूर्वी रविवारच्या मिस्सेनंतर आमच्या धर्मग्रामातील एक वयस्कर गृहस्थ थांबून राहिले. त्यांच्या कुटुंबाच्या सामाईक मालकीच्या सड्यावर चिरेखाणीसाठी विचारणा झाली होती. धाकटी मुलगी नर्सिंगच्या शिक्षणाला जायची होती, घराचे छप्पर बदलायचे होते. रक्कम मोठी होती. मुंबईत असलेल्या भावांची संमती होती. त्यांच्या पत्नीचे मात्र मन घेईना. सड्याखालची त्यांची बाव मे महिन्यातही आटत नाही, आणि खाण झाल्यावर तिचे काय होईल, हा त्या माउलीचा प्रश्न होता. गृहस्थ आम्हांस म्हणाले, “फादर, नुसतो कातळ आसा थंय. गवताशिवाय काय येणा नाय. मगे चिरे काढूक दिलो तर बिघाडला काय?”

प्रश्न सरळ होता, परंतु त्याचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ ह्या एका शब्दात देणे आम्हांस उचित वाटले नाही. “तुम्ही आणि बाईंनी मिळून आम्हांला एकदा तो सडा दाखवा,” एवढेच आम्ही म्हणालो. त्या निमित्ताने जे वाचले, जाणकारांकडून ऐकले आणि स्वतः हिंडून पाहिले, ते वाचकांपुढे ठेवावे, म्हणून हा लेख.

जांभा हा दगड मुळात दगडाच्या झिजेतून जन्मला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या भूमीवर लाव्हारसाचे थरांवर थर पसरले आणि त्यांचा काळा बेसाल्ट झाला. उष्ण हवा, धो धो पाऊस आणि मागोमाग कडक कोरडा काळ, असे चक्र दीर्घकाळ चालले म्हणजे खडकातील सिलिका आणि विरघळणारी द्रव्ये पाण्याबरोबर निघून जातात. मागे उरते ते लोह आणि ॲल्युमिनियम. लोहाला गंज चढून जांभ्याचा तांबडा रंग येतो, आणि जे वाहून गेले त्याच्या जागी छिद्रे राहतात. ताजा कापलेला चिरा मऊ असतो, हवा लागली की तो घट्ट होत जातो. हे आपल्या गवंड्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. फ्रान्सिस बुकानन ह्या स्कॉटिश वैद्याने केरळातील अंगाडीपुरम येथे लोकांना हा दगड विटांसारखा कापताना पाहिले आणि १८०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवृत्तांतात त्याला ‘लॅटराइट’ हे नाव दिले. सेमिनरीत लॅटिनचे पाठ गिरवलेल्या आम्हांस त्या नावाची ओळख लगेच पटली. ‘लॅटर’ म्हणजे वीट. जगभरच्या भूशास्त्राच्या पुस्तकांत गेलेला हा शब्द आपल्याच पश्चिम किनाऱ्यावरच्या कामगारांचे हात पाहून सुचला आहे.

आता त्या माउलीच्या बावीकडे वळू. जांभ्याची छिद्रे आणि भेगा पावसाचे पाणी आत घेतात. जांभ्याच्या खाली बहुधा पांढुरकी, चिकट माती असते. कोकणात तिला शेडी म्हणतात. ह्या मातीतून पाणी सहज खाली उतरत नाही, म्हणून ते आडवे सरकते आणि सड्याच्या उतारावर, जिथे जांभा संपून शेडी उघडी पडते, तिथे झऱ्याच्या रूपाने बाहेर येते. आपल्या वाड्या सड्याच्या पायथ्याशी वसल्या, त्या ह्याच पाण्याच्या आधाराने. वरचा कातळ खोलवर कापून काढला तर पाणी साठवणारा थरच नाहीसा होतो. खाण कुठे आणि किती खोल, खालचे झरे किती दूर, ह्यावर परिणाम कमीअधिक होईल. तथापि सडा आणि बाव ह्या दोन वेगळ्या मालमत्ता नव्हेत, एवढे त्या बाईंना कोणत्याही अहवालाविना ठाऊक होते.

पाऊस पडला की ह्याच सड्याचे रूप पालटते. खळग्यांतून पाणी साचते, बोटभर मातीत गवत उगवते आणि मग फुलांचा हंगाम सुरू होतो. पांढरे गेंद येतात. सीतेची आसवे म्हणून ओळखली जाणारी इवलीशी निळी-जांभळी फुले येतात. ही वनस्पती सूक्ष्म जीव पकडून त्यांवर आपली गुजराण करते, कारण कातळावर तिला पोषक माती मिळत नाही. ‘दीपकाडी’ नावाची पांढऱ्या फुलांची कंदवर्गीय वनस्पती तर कोकणच्या ह्या कातळपठारांची खास रहिवासी आहे. साताऱ्याजवळचे कासचे पठारही जांभ्याचेच. २०१२ साली पश्चिम घाटाचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला तेव्हा त्यात कासला स्थान मिळाले, आणि आज तिथे फुले पाहण्यासाठी लोक तिकीट काढून जातात. आपल्या सड्यावरच्या फुलांना तिकीट नाही, म्हणून ती उणी ठरत नाहीत.

माणसानेही ह्या कातळावर आपली खूण ठेवली आहे. मालवण तालुक्यातील कुडोपी आणि हिवाळे येथील सड्यांवर प्राचीन माणसाने कोरलेल्या आकृत्या आहेत. सतीश लळीत ह्यांच्यासारख्या अभ्यासकांनी त्या जगाच्या नजरेस आणल्या. रत्नागिरी जिल्ह्यात सुधीर रिसबूड आणि त्यांचे सहकारी ह्यांनी गावोगावचे सडे पायांखाली घालून अशा शेकडो आकृत्या शोधल्या. मासे, हत्ती, वाघ, पक्षी, माणसे आणि अर्थ न लागलेल्या कितीतरी चौकटी त्यांत आहेत. २०२२ साली कोकण-गोव्यातील अशा नऊ स्थळांचे नाव युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेले. त्यांत सात रत्नागिरी जिल्ह्यातील, एक गोव्यातील आणि एक आपले कुडोपी. ह्या चित्रांना भिंत नाही, छप्पर नाही. कातळ हाच त्यांचा कागद आहे. चिरा कापणाऱ्या यंत्राला कोरलेला कातळ आणि कोरा कातळ ह्यांतला फरक कळत नाही.

आमच्या ह्या सांगण्यावर एखादा वाचक मनात म्हणेल, की धर्मगुरूने दगडांच्या वयाची चर्चा कशाला करावी? बायबलच्या पहिल्या पानावर सहा दिवसांची कथा आहे, आणि हे कोट्यवधी वर्षांच्या गोष्टी सांगतात! त्याला आम्ही निल्स स्टेन्सन ह्या धन्यवादित बिशपांची ओळख करून देऊ. जग त्यांना निकोलस स्टेनो म्हणून ओळखते. १६३८ साली कोपनहेगन येथे लुथरन कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वैद्यकशास्त्रात त्यांनी नाव कमावले. १६६६ साली इटलीच्या किनाऱ्यावर पकडलेल्या एका प्रचंड शार्कचे, म्हणजे आपल्याकडच्या मोरीच्या जातीच्या माशाचे, डोके त्यांच्याकडे तपासणीसाठी आले. डोंगरात सापडणारे ‘जिभेचे दगड’ आणि ह्या माशाचे दात सारखेच आहेत, हे त्यांनी ओळखले. मग समुद्रातील प्राण्याचे दात डोंगराच्या पोटात कसे गेले? ह्या प्रश्नाचा माग काढीत १६६९ साली त्यांनी एक छोटा ग्रंथ प्रसिद्ध केला. खडकाचे थर एकावर एक साचत जातात, खालचा थर वरच्याहून जुना, असा साधा नियम त्यांनी त्यात मांडला. आजचे भूशास्त्र त्या पायावर उभे आहे. ह्याच काळात, १६६७ साली, ते कॅथलिक ख्रिस्तसभेत आले. १६७५ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली आणि १६७७ साली ते बिशप झाले. जर्मनीत अत्यंत दारिद्र्यात राहून त्यांनी मेषपालाचे काम केले आणि १६८६ साली देह ठेवला. पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी २३ ऑक्टोबर १९८८ रोजी त्यांना धन्यवादित घोषित केले. खडक वाचणे आणि वेदीपाशी उभे राहणे ह्या दोन गोष्टींत त्यांना विरोध दिसला नाही. उत्पत्तीचे पुस्तक सृष्टी कोणाची हे सांगते, खडक ती कशी घडत गेली हे सांगतो.

सृष्टी कोणाची, ह्या प्रश्नाचे उत्तर एकदा मान्य केले की मालकीचा अर्थही बदलतो. लेवीय ह्या पुस्तकात देवाने इस्राएलास बजावले आहे की भूमी कायमची विकायची नाही, कारण ती त्याची आहे आणि आपण तिच्यावर उपरे आहोत. पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ सालच्या ‘लाउदातो सी’ ह्या परिपत्रकात हीच शिकवण आजच्या भाषेत पुन्हा मांडली. वारसदार हा मालक असतो आणि विश्वस्तही असतो. घरातला जुना दागिना मोडण्याचा अधिकार असलेला माणूसही मोडण्यापूर्वी तो कोणाचा, कधीचा, ह्याची चौकशी करतो. सड्याच्या बाबतीत एवढी चौकशी तरी व्हायला नको काय?

घडवलेल्या दगडाचा मान राखण्यात आपण मागे नाही. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली आणि त्यांत आपले सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग हे दोन्ही जलदुर्ग आहेत, ह्याचा आम्हां सर्वांना अभिमान वाटला. मालवणच्या समुद्रातील कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी १६६४ ते १६६७ ह्या काळात हा दुर्ग उभा केला. परंतु सभोवार खारे पाणी असताना त्या बेटावर दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव ह्या तिन्ही विहिरींना गोडे पाणी आहे. तटबंदी माणसांनी बांधली खरी, पण गोडे पाणी जपणारा खडक आधीपासून तिथे होता.

जुन्या गोव्याच्या बॉम जेझू बासिलिकेत संत फ्रान्सिस झेवियर ह्यांचे अवशेष आहेत. त्या मंदिराची लाल भिंत जांभ्याची आहे आणि दर्शनी भागावरचे कोरीव काम वसईहून नेलेल्या काळ्या बेसाल्टचे. विसाव्या शतकाच्या मध्यास त्या भिंतींवरचा गिलावा काढून टाकण्यात आला, आणि तेव्हापासून उघडा पडलेला जांभा पावसाने झिजतो आहे, ही चिंता जाणकार सतत व्यक्त करतात. त्या भिंतीसाठी आपला जीव कळवळतो, तो योग्यच आहे. ज्या खडकातून ती भिंत आली, त्याच्याविषयी मात्र आपण क्वचितच बोलतो.

न घडवलेला दगडही जपता येतो, ह्याची उदाहरणे आपल्याच देशात आहेत. बुकाननने पाहिलेली अंगाडीपुरमची जागा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून घोषित केली आहे. आपल्या महाराष्ट्रातील लोणारच्या सरोवरालाही तो मान आहे. उडुपीजवळच्या समुद्रातील सेंट मेरी बेटांवरचे लाव्हाचे बहुकोनी खांबही त्याच यादीत आहेत. वास्को द गामा १४९८ साली तिथे उतरला आणि त्याने पवित्र मरियेचे नाव त्या बेटाला दिले, अशी परंपरा सांगते. भारत आणि मादागास्कर विलग झाल्याची साक्ष ते खडक देतात. तिकडे फ्रान्समधील दीन्य गावी १९९१ साली अनेक देशांचे भूशास्त्रज्ञ जमले आणि पृथ्वीच्या स्मृतीलाही हक्क आहेत, असा जाहीरनामा त्यांनी काढला.

म्हणून एकही चिरा काढू नये, असे आम्ही म्हणणार काय? मुळीच नाही. आमचे राहते घर चिऱ्याचे आहे, आमच्या धर्मग्रामातील बहुतेक घरे चिऱ्याची आहेत. चिऱ्याची भिंत उन्हाळ्यात थंडावा देते आणि तिला भट्टीचा जाळ लागत नाही. खाणीवर राबून मुलांची शाळा करणारी माणसे आमच्या वेदीसमोर गुडघे टेकतात. त्यांच्या घामाचा अवमान करणारे पर्यावरणप्रेम आम्हांस नको. आमचे म्हणणे एवढेच आहे, की सगळे सडे सारखे नसतात. ज्यावर कातळशिल्प आहे, ज्याच्या पोटात वाडीचा झरा आहे, ज्यावर दीपकाडी फुलते, तो सडा वेगळा आणि आधीच तुटलेला, रस्त्याकडेचा सडा वेगळा. कुठला राखायचा आणि कुठला वापरायचा, ही निवड खाण सुरू होण्याआधी व्हावी. कापलेला कातळ पुन्हा उगवत नाही. खाण संपल्यावर खड्डा मातीने भरून तिथे काजू लावता येतो, पाणी साठवता येते. तेही अवश्य करावे. पण त्याने सडा परत मिळत नाही.

ही निवड करण्याची साधने आपल्या हाती आहेत. जांभा हा गौण खनिजात मोडतो, तरीही गौण खनिजाच्या खाणींना, मग त्या पाच हेक्टरांहून लहान का असेनात, पर्यावरण परवानगी आवश्यक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली स्पष्ट केले. जैवविविधता कायदा २००२ चा आहे. त्याखाली प्रत्येक गावाला आपली नोंदवही ठेवता येते. त्याच कायद्याचा आधार घेऊन २०२१ साली आंबोलीच्या हिरण्यकेशीचे उगमस्थान, जेमतेम दोन हेक्टरांची जागा, एका लहानशा माशासाठी वारसास्थळ म्हणून घोषित झाली. आंबोली आपल्याच जिल्ह्यात आहे. भूवारसा स्थळांच्या जतनासाठी स्वतंत्र कायद्याचा मसुदा केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये लोकांपुढे मांडला होता. माधव गाडगीळ ह्यांच्या समितीने २०११ साली पश्चिम घाटाविषयी अहवाल दिला. त्यावर पुष्कळ वाद झाला, परंतु निर्णय ग्रामसभेला विचारून व्हावेत, हा त्यातील आग्रह आम्हांस आजही मोलाचा वाटतो. आपल्या गावच्या ग्रामसभेत आपले ख्रिस्ती बांधव किती वेळा उपस्थित असतात, हे ज्याने त्याने आपल्या मनाशी तपासावे.

त्या गृहस्थांबरोबर आम्ही सड्यावर गेलो तेव्हा श्रावण होता. त्यांच्या पत्नी पुढे चालत होत्या. पाणी कुठे मुरते, गुरे कुठे पितात, पूर्वी कुठल्या खडकावर नाचणी वाळत घालीत, ते सारे त्या दाखवीत होत्या. नंतर घरी बराच वाद झाला, भावांशी फोनवर बोलणे झाले. अखेर रस्त्यालगतचा, आधीच एका बाजूने तुटलेला तुकडा त्यांनी खाणीसाठी दिला, आणि बावीच्या वरचा मोठा सडा राखला. रक्कम अर्थातच पुष्कळ कमी मिळाली. मुलीच्या शिक्षणासाठी कर्ज काढावे लागले आणि छप्पर अजून जुनेच आहे. राखण्याचीही किंमत असते आणि ती त्या कुटुंबाने मोजली. अशा कुटुंबांवर ते ओझे एकट्यांनी वाहण्याची पाळी येऊ नये. धर्मग्रामाच्या शिक्षणनिधीतून अशा मुलांना अग्रक्रमाने साहाय्य व्हावे, अशी सूचना आम्ही आमच्या पाळकीय मंडळापुढे ठेवली आहे.

आणखी एक सूचना वाचकांसाठी. संत फ्रान्सिस असिसीकर ह्यांचा सण ४ ऑक्टोबरला येतो, आणि युनेस्कोने घोषित केलेला आंतरराष्ट्रीय भूविविधता दिन ६ ऑक्टोबरला. त्या सुमारास पाऊस सरत आलेला असतो आणि सड्यावर फुले अजून असतात. प्रत्येक धर्मग्रामाने त्या आठवड्यातील एका दुपारी धर्मशिक्षणाच्या मुलांना जवळच्या सड्यावर न्यावे. बरोबर एखादी आजी असावी, एखादा गवंडी असावा, जमल्यास शाळेतील विज्ञानाचे शिक्षक असावेत. झरा कुठे, खळगा कुठे, कोरीव रेघ कुठे, ते मुलांनी एका वहीत उतरावे आणि ती वही ग्रामपंचायतीस द्यावी. यार्देन ओलांडल्यावर यहोशवाने नदीच्या पात्रातून १२ धोंडे उचलून आणवले, ते मुलांनी पुढे त्यांचा अर्थ विचारावा म्हणून. आपले धोंडे कोणी उचलून आणण्याची गरज नाही. ते जागच्या जागी आहेत. मुले विचारतील तेव्हा दाखवायला ते तिथे असावेत, एवढी व्यवस्था आपण करू या.